बेसबॉलच्या इतिहासात डोकावणारा मुलगा: कालप्रवासाच्या गोष्टी मुलांना द्याव्यात का?

सांजवेळ

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या बऱ्याच जणांना डॅन गटमन यांची बेसबॉल कार्डांची मालिका माहीत असेल. नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लुईव्हिलमध्ये राहणारा जो स्टोशॅक नावाचा मुलगा. जुनं बेसबॉल कार्ड हातात धरलं की त्याच्या बोटांना मुंग्या येतात आणि तो त्या कार्डाच्या साली जाऊन पोचतो. १९९७ ते २०१५ या काळात अशी बारा पुस्तकं आली. माझ्या मुलीने त्यातली बरीच वाचली, मीही तिच्यासोबत वाचली. गोष्टी पकड घेणाऱ्या आहेत, यात वाद नाही.

तरीही माझं मत असं की जॅकी रॉबिन्सनसारख्या माणसाचा, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमधली (मेजर लीग) वर्णबंदी मोडणाऱ्या काळ्या खेळाडूचा, इतिहास मुलांना या वाटेने सांगू नये.

त्या पुस्तकात हा गोरा मुलगा १९४७ मध्ये उतरतो आणि बघतो तर त्याची कातडी काळी झालेली. काही दिवस तो शिव्या ऐकतो, हाकलला जातो, रॉबिन्सनच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचा बॅटबॉय (खेळाडूंच्या बॅटी उचलून देणारा मुलगा) होतो आणि घरी परततो. मला खटकतं ते हे परतणं. वर्णभेदात सगळ्यात भयंकर काय असेल तर त्यातून सुटून जाण्यासाठी दुसरं घर नसतं. मुलाला आपण सांगतोय की बघ, तूही ते अनुभवलंस. त्याने ते अनुभवलेलं नसतं.

आणि रॉबिन्सनची गोष्ट १५ एप्रिल १९४७ ला, म्हणजे मेजर लीगमधल्या त्याच्या पहिल्या सामन्याला, सुरू होत नाही. १९४४ मध्ये तो सैन्यात लेफ्टनंट होता. टेक्सासमधल्या कॅम्प हूडला बसमध्ये मागे जाऊन बसायला त्याने नकार दिला, म्हणून त्याच्यावर लष्करी खटला चालला. त्यातून तो निर्दोष सुटला. म्हणजे उलट उत्तर द्यायची धमक असलेला हा माणूस. त्यालाच १९४५ च्या ऑगस्टमध्ये डॉजर्सचा प्रमुख ब्रँच रिकी याने समोर बसवून सांगितलं की काही वर्षं कुणालाही उलट बोलायचं नाही. त्याच्या गप्प राहण्याचं वजन कळायला आधीची बस माहीत असावी लागते.

२२ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर समोरच्या फिलाडेल्फिया संघाचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू डगआऊटमधून (मैदानाकडेची संघाची बसायची जागा) रॉबिन्सनला इतकं घाण बोलले की त्या दिवशी आपण जवळजवळ सगळं सोडूनच देणार होतो, असं त्याने पुढे लिहिलं. वर्तमानपत्रांत बभ्रा झाला. मग मे महिन्यात दोघांचा एकत्र फोटो काढला गेला. त्यात हस्तांदोलन नाही. दोघांनी मिळून एक बॅट धरलीय. त्या फोटोसमोर एखाद्या मुलाला पंधरा मिनिटं बसवा आणि विचारा, हात का नाही मिळवले? कुठल्याही जादूच्या कार्डापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

आता दरवर्षी १५ एप्रिलला मेजर लीगचे सगळे खेळाडू रॉबिन्सनचा ४२ नंबर घालून उतरतात. मुलांना तेवढंच दिसतं. १९७२ च्या आत्मचरित्रात रॉबिन्सनने लिहिलं की राष्ट्रगीताला उभं राहून ते गाणं आपल्याला जमत नाही. विजयाच्या वर्षाला भेट देऊन परतणाऱ्या मुलाला हा माणूस कसा भेटणार?

डगआऊट

तीव्र असहमती. मी इथे मुलांच्या संघाला बेसबॉल शिकवतो, त्यामुळे जे बघतो ते सांगतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात चरित्र दिलं तर तो जन्मतारीख आणि आकडे पाठ करतो. गोष्ट दिली तर रात्री आईला विचारतो, "ते लोक असं का वागायचे?" बॅट धरलेल्या फोटोसमोर पंधरा मिनिटं बसायला मूल आधी तिथवर यायला नको का? आणतं कोण? ही गोष्टच.

दुसरं म्हणजे या मालिकेचा खरा गाभा तुमच्या लिखाणात आलाच नाही. हा मुलगा बहुतेक वेळा इतिहास बदलायला जातो आणि हरतो. रे चॅपमनचं पुस्तक घ्या (वरचा बेन चॅपमन वेगळा). हा क्लीव्हलँडचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा खेळाडू). १६ ऑगस्ट १९२०, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान, समोर यांकीज संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) कार्ल मेज, जो हात खालून फिरवून चेंडू टाकायचा. त्या काळी चेंडू सारखे बदलत नसत. माती, थुंकी, तंबाखूचा रस यांनी तो काळपट व्हायचा आणि उतरत्या उन्हात नीट दिसायचा नाही. चॅपमन जागचा हललाच नाही. चेंडू डोक्यावर आदळला, आवाज असा झाला की मेजला वाटलं बॅटला लागला. परत आलेला चेंडू त्याने उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन गेला. मेजर लीगच्या सामन्यात चेंडू लागून जीव गेलेला तो एकमेव खेळाडू.

माझ्या संघातला एक मुलगा हेल्मेट घालायला कटकट करायचा. हे पुस्तक वाचल्यावर त्याने विचारलं, "मग दुसऱ्या दिवसापासून सगळे हेल्मेट घालायला लागले ना?" नाही. मेजर लीगच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगमध्ये सक्ती व्हायला १९५६ उजाडलं. इतकी वर्षं का लागली, यावर त्या दिवशी आमचा सराव राहिला बाजूला आणि आम्ही बोलतच बसलो. कोरड्या चरित्राने हे केलं असतं?

सांजवेळ

चॅपमनच्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. अपघात कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो, तिथे मुलगा स्वतःला त्या जागी ठेवू शकतो. वर्णभेद ठरवून केलेली गोष्ट आहे. दोन्हींना एकच युक्ती लावणं हाच माझा आक्षेप.

पॅसेइककाठ

मला वाटतं दोघंही एका गोष्टीला बगल देताय. कालप्रवास चांगला की वाईट हे नंतर बघू. प्रवासी कुठल्या साली आणि कुठल्या गावात उतरतो ते आधी बघा.

सगळे १९४७ च्या ब्रुकलिनला जातात. मी नेवार्कजवळ राहतो. इथे नेवार्क ईगल्स नावाचा निग्रो लीगचा, म्हणजे वर्णबंदीच्या काळातल्या काळ्या खेळाडूंच्या लीगचा, संघ होता. १९४६ मध्ये त्यांनी कॅन्सस सिटी मोनार्क्सना हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. संघात लॅरी डोबी आणि मॉन्टी अर्विन. मालकीण एफा मॅनली, जी २००६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांचा सन्मान करणारं संग्रहालय) गेलेली पहिली बाई. रिकीने मोनार्क्सकडून रॉबिन्सन नेला आणि त्या संघाला एक पैसा दिला नाही, हे मॅनलीने जाहीरपणे ऐकवलं होतं. डोबीला क्लीव्हलँडने जुलै १९४७ मध्ये घेतलं तेव्हा निदान पैसे तरी मोजले. चांगले खेळाडू गेले, प्रेक्षक त्यांच्यामागे गेले, १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली. एक दार उघडलं तेव्हा काळ्या माणसांनी स्वतः उभं केलेलं अख्खं घर पडलं. आनंद आणि नुकसान एकाच वर्षात. मुलांना हे कळत नाही असं कोण म्हणतं?

आता गटमन यांच्या बाजूने. सॅचेल पेज या काळ्या पिचरच्या पुस्तकात ते मुलाला १९४२ मध्ये, निग्रो लीगमध्येच नेतात. बरोबर स्पीड गन, कारण पेजचा चेंडू किती वेगाने जायचा हे कुणी मोजलंच नव्हतं. मला ही कल्पना फार आवडली. का मोजलं नव्हतं, हा प्रश्न आपोआप येतो. ज्या खेळाडूंचे आकडे नीट ठेवलेच गेले नाहीत त्यांच्याकडे मोजमाप घेऊन जाणारा मुलगा ही काही स्वस्त युक्ती नाही. मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे आपल्या नोंदींत धरले ते मे २०२४ मध्ये, आणि तेव्हा निग्रो लीगचा फलंदाज जॉश गिब्सन .३७२ च्या बॅटिंग सरासरीने तोवर पहिला असलेल्या टाय कॉबच्या वर गेला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्येच वारला होता, वय अवघं ३५. रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच्या तीन महिने आधी.

पानगळ

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. माझी अडचण वेगळी आहे. या पुस्तकांत खरे जुने फोटो आहेत, खरी नावं आहेत आणि मधेच कल्पनेतले संवाद. मूल फोटो बघतं आणि संवादही खरा धरतं. बेब रूथने १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये चेंडू कुठे मारणार ते आधी बोटाने दाखवून होम रन मारली की नाही, यावर जाणकार आजही भांडतात. मुलं मात्र छातीठोकपणे सांगतात, कारण "जोने बघितलं". लेखक शेवटी खरं काय आणि कल्पित काय हे वेगळं लिहितात, मान्य. पण गोष्ट संपली की पुस्तक मिटणारीच मुलं मी जास्त बघितलीत.

डगआऊट

@पानगळ, खोटं पसरवण्यात मोठी माणसं मुलांच्या पुस्तकांच्या कितीतरी पुढे गेलीत. ॲब्नर डबलडेने १८३९ मध्ये कूपरस्टाउनला बेसबॉल शोधला, हे १९०७ च्या सुमारास बेसबॉलचा उगम शोधायला नेमलेल्या मिल्स आयोगाने ठरवलं. मुख्य आधार एका म्हाताऱ्याच्या आठवणींचं पत्र. डबलडे १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होता. तरी १९३९ मध्ये हॉल ऑफ फेम उभं राहिलं ते कूपरस्टाउनलाच. आणि या मालिकेत मुलगा काय करतो? अमेरिकन यादवी युद्धातल्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईत जाऊन थेट डबलडेलाच गाठतो. मोठ्यांनी शिक्कामोर्तब केलेली कथा तपासायला मुलांचं पुस्तक निघतं. ऐकीव गोष्ट मूळ माणसाकडे जाऊन विचारायची, ही सवय लागली तर अजून काय हवं?

कृष्णाकाठ

मी सांजवेळ यांच्या बाजूने. आपल्या घरातलं उदाहरण घेऊन बघा म्हणजे टोचेल.

क्रिकेटपटू पळवणकर बाळू. चांभार समाजातला, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबचं मैदान राखता राखता त्यांना गोलंदाजी करणारा. हिंदूंच्या संघाला जिंकायला तो हवा होता, पण चहाच्या वेळी बाकीचे आत चिनी मातीच्या कपात चहा घ्यायचे आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

आता कल्पना करा, कोथरूडमधला एखादा मुलगा जुन्या फोटोला हात लावतो, बाळूच्या वस्तीतला पोर होऊन चार दिवस राहतो आणि जेवायच्या वेळेला घरी. वाचवेल तुम्हाला? मला नाही वाचवणार. ज्यांच्या आजोबांनी ते सोसलं त्यांच्या मुलांच्या हातात ते पुस्तक देताना तर हात थरथरेल.

पॅसेइककाठ

@कृष्णाकाठ, मी ते पुस्तक वेगळं लिहीन. तो मुलगा पॅव्हेलियनच्या आत बसलेला असेल. हातात कप, खिडकीतून बाहेर उभा बाळू दिसतोय, आणि शेजारी बसलेला प्रेमळ माणूस त्याला बिस्किट देतोय. दिवसभर कुणी वाईट वागत नाही. सगळे चांगले, सुसंस्कृत, आणि कुणीही उठून बाहेर जात नाही. त्या मुलाला घरी परतता येईल, पण तो स्वच्छ हातांनी परतणार नाही.

सांजवेळ

हे मला शंभर टक्के पटतं, आणि रॉबिन्सनच्या बाबतीतही हेच करायला हवं होतं. एबेट्स फील्डवर त्या दिवशी चॅपमनचं बोलणं कितीतरी लोकांच्या कानावर पडत होतं. मुलाची कातडी बदलू नका. त्याला तिथे गोराच राहू द्या, डॉजर्सच्याच डगआऊटमध्ये, जिथे काही दिवसांपूर्वीपर्यंत काही खेळाडूंना रॉबिन्सन संघात नको होता. डॉजर्सचाच एडी स्टँकी शेवटी चॅपमनवर ओरडला. तो ओरडेपर्यंत बाकीचे काय करत होते आणि मी असतो तर काय केलं असतं, हा खरा कालप्रवास. कातडी बदलली की मूल लगेच सोसणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतं आणि हा प्रश्न टळतो.

डगआऊट

प्रश्न चांगला आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच पुस्तकात गुन्हेगाराच्या बाकावर बसवाल तर ते दुसरं पुस्तक उघडणार नाही. आधी सोसणाऱ्याबद्दल जीव तुटू दे, आपली बाजू कुठली हे चौदाव्या वर्षी विचारा. माझ्या संघात काळी मुलं आहेत, देशी मुलं आहेत. पुस्तक वाचून देशी मुलाने मित्राला विचारलं की तुझ्या आजोबांना कधी असं कुणी बोललं होतं का. तो म्हणाला, हो. त्या दोघांचं पुढे जे बोलणं झालं ते मला कुठल्याही धड्यातून घडवून आणता आलं नसतं.

पानगळ

तुमच्या वादात पोर्तो रिकोच्या रोबेर्तो क्लेमेंटे या मेजर लीगच्या खेळाडूचं पुस्तक राहूनच गेलं. माझ्या मते या मालिकेची ताकद आणि मर्यादा तिथे एकत्र दिसतात. मुलगा क्लेमेंटेला सांगायला जातो की त्या विमानात बसू नकोस. २३ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वात भूकंप झाला होता. पोर्तो रिकोहून पाठवलेली मदत वाटेत लाटली जातेय हे कळल्यावर क्लेमेंटे ३१ डिसेंबरला स्वतः निघाला. विमानात क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेला, ते उडाल्यावर लगेच समुद्रात कोसळलं. हंगामातल्या शेवटच्या दिवसांत त्याची तीन हजारावी हिट झाली होती, नियमित हंगामातली ती शेवटचीच ठरली.

मुलं मला विचारतात, "त्याने ऐकलं का नाही?" मी त्यांना म्हणते, समजा त्याला सगळं कळलं असतं, विमान जुनं आहे, वजन जास्त आहे. तरी माल पोचत नाहीये हे त्याला माहीत होतंच की. तुम्ही त्याच्या जागी असता तर घरी थांबला असता? वर्गात यावर कधीच एकमत होत नाही. गेल्या खेपेला दोन मुली मधली सुट्टी संपली तरी भांडत होत्या, एक म्हणे मुलं लहान होती, थांबायलाच हवं होतं, आणि दुसरी म्हणे मग तो माल कोण पोचवणार होतं.