'व्हायरस मेडो'मधली थरथरती गिटार घरी कशी वाजवायची?

धुकट_तार:
अँड ऑल्सो द ट्रीज या इंग्लिश बँडचा 'व्हायरस मेडो' (१९८६) हा अल्बम इथे कोणी बारकाईने ऐकलाय का? गॉथिक पोस्ट-पंक (ऐंशीच्या दशकातला उदास, गडद रॉक) म्हटलं की तीच चार-पाच नावं पुढे येतात आणि हा अल्बम मागेच राहतो. जस्टिन जोन्सची गिटार काही ठिकाणी मँडोलिनसारखी, काही ठिकाणी अख्ख्या व्हायोलिनच्या ताफ्यासारखी वाजते. एकच स्वर पिकने भराभर छेडून येणारा तो परिणाम हवाय. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) छापाची गिटार, डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं उपकरण), रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी गुंज देणारं) आणि छोटा ॲम्प आहे. डिले टेम्पोला जोडून डॉटेड एटथवर (पाऊण ठोक्यावर) ठेवला तरी आवाज पसरत नाही, नुसता मोठा होतो. कुठे चुकतंय?

मंद_ठोका:
तुमचा डिले स्ट्रोकच्या (पिकच्या फटक्याच्या) मागे लपतोय. हिशोब करून बघा. टेम्पो १२० असेल तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. ठोक्याला चार स्ट्रोक मारले तर दर १२५ ला एक. डॉटेड एटथ म्हणजे ३७५, म्हणजे बरोबर तीन स्ट्रोक. प्रत्येक प्रतिध्वनी पुढच्या स्ट्रोकवर नेमका येऊन बसतो, मग पसरणार कसा? टेम्पोची जोडणी काढा आणि वेळ हाताने ४३५ च्या आसपास लावा. आता प्रतिध्वनी दोन स्ट्रोकच्या मधल्या फटीत पडेल, फटी बुजतील आणि तुटक टकटक जाऊन सलग धार लागेल. हात चालत असेल तर ठोक्याला सहा स्ट्रोक मारा. मग ३७५ च चालेल, कारण तो साडेचार स्ट्रोकवर येतो.

प्रतिध्वनी दोन किंवा तीनच. जास्त ठेवले तर आधीच्या कॉर्डचे स्वर पुढच्या कॉर्डवर लोंबकळतात आणि सगळं बेसूर होतं. मिक्स (मूळ आवाजात प्रतिध्वनीचं प्रमाण) ३० ते ३५ टक्के. डिलेला टोन असेल तर प्रतिध्वनीतला ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापा, म्हणजे पिकची खरखर परत परत ऐकू येणार नाही. रिव्हर्ब डिलेच्या नंतर, अडीच ते तीन सेकंदांचा, प्री-डिले (गुंज सुरू होण्याआधीची फट) ३०-४० मिलिसेकंद. रिव्हर्बमधला २५० हर्ट्झच्या खालचा भाग काढलाच पाहिजे, नाहीतर बास चिखलात रुततो.

आणि हे सगळं हाताच्या नंतर. सगळ्यात पातळ, उंच स्वराच्या दोन तारा, सातव्या ते बाराव्या फ्रेटच्या मधले स्वर, नेक पिकअप (मानेजवळचा). पिकचं टोक तारेखाली जेमतेम दोन मिलिमीटर जावं, हालचाल मनगटातून, कोपर स्थिर. जस्टिनच्या वाजवण्यात खरी जादू चढउताराची आहे: स्वर जवळजवळ न ऐकू येण्याइतका हळू सुरू होतो आणि फुगत जातो. तुम्हीही दोन आवर्तनं घेऊन चढवा, आणि चढताना हात मानेकडून ब्रिजकडे सरकवा. आवाज नुसता मोठा न होता उजळत जाईल.

धुकट_तार:
४३५ वर लगेच फरक पडला, आभार! पण चढउतार होतच नाही. हळू मारा नाहीतर जोरात, सारखीच मधमाशीसारखी गुणगुण.

मंद_ठोका:
गेन (ॲम्पमध्ये सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) जास्त आहे. विकृती (डिस्टॉर्शन) आली की सिग्नल दाबला जातो, मग हळू आणि जोरदार स्ट्रोक एकाच पातळीवर येतात. कॉम्प्रेसर (हळू-जोरदार आवाज एका पातळीवर आणणारं उपकरण) लावला असेल तर तो आधी बंद करा. ॲम्प स्वच्छ ठेवा, गिटारचा व्हॉल्यूम ७ वर. पिक ०.६ ते ०.७३ मिमी. जाड पिक तारेत अडकतो, हात जोर लावतो आणि वेग मोडतो. ०.००९ इंचाच्या तारा असतील तर ०.०१० चा संच घ्या, तार कमी लचकते.

खालचा_स्वर:
वरचं सगळं पटलं, पण गिटारवरच थांबू नका. हा अल्बम इंग्लंडच्या वुस्टरशरमधल्या इंकबरो गावातून आलेल्या चौघांचा आहे आणि त्याचं वातावरण चौघे मिळून उभं करतात. १९८४ चा पहिला अल्बम द क्युअर या बँडच्या लॉल टॉलहर्स्टने निर्मित केला होता, म्हणून लोक यांनाही त्याच रांगेत बसवतात. माझ्या मते 'व्हायरस मेडो'पर्यंत ते त्यातून पुरते बाहेर पडले होते. त्यातलं 'स्लो पल्स बॉय' ऐका. गायक सायमन ह्यू जोन्स गाण्यापेक्षा बोलतो जास्त, आणि गिटार त्याच्याभोवती वाढत जाते.

घरी रेकॉर्ड करताना दोन गोष्टी. एक, झांजा जवळजवळ काढून टाका आणि ठेका फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर) न्या. झांजेची शेपटी आणि थरथरत्या गिटारची वरची धार एकाच पट्ट्यात, साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये भांडतात, आणि हरते नेहमी गिटार. ड्रमपासून दोन-तीन मीटरवर एक माइक ठेवला तर खोलीचा आवाज फुकटात मिळतो. दोन, गायकाच्या आवाजाला गिटारइतका रिव्हर्ब देऊ नका. शब्द जवळून आणि कोरडे यावेत, गिटार लांबून. दोघांना सारखाच रिव्हर्ब दिला की अंतर संपतं आणि सगळं एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखं होतं. गायकाच्या आवाजाचा प्री-डिले ६० मिलिसेकंदांच्या पुढे ठेवा.

धुकट_तार:
झांजांचं लक्षातच आलं नव्हतं. बास पिकने की बोटांनी?

खालचा_स्वर:
पिकने, ब्रिजच्या जवळ. बँडचा बासवादक स्टीव्हन बरोज नुसता मूळ स्वर धरून बसत नाही, तो स्वतःची चाल वाजवतो, ती सुटी ऐकू यायला हवी. बासवर रिव्हर्ब अजिबात नको. हवाच असेल तर किंचित कोरस (आवाज किंचित डोलवणारा इफेक्ट), वेग ०.५ हर्ट्झ.