हायब्रिडमध्ये 'पावर' टाकायचं की साधं?

अकोटेकर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एकानं लिहिलं, "वीस लाखांची हायब्रिड घेतली आणि पेट्रोल साधं टाकता? इंजिन बसेल." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून इथे सविस्तर मांडते. पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली कुठलीही हायब्रिड घ्या, हायरायडर असो, ग्रँड विटारा, होंडाची सिटी ई:एचईव्ही की हायक्रॉस, ९५ ऑक्टेनच्या 'पावर'सारख्या किंवा १०० ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढल्यावर पेट्रोलनं आपोआप, अवेळी पेट घेऊ नये, म्हणजेच नॉकिंग होऊ नये, यासाठी त्यात किती सोशिकपणा आहे ते हा आकडा सांगतो. इंजिन नॉक करतच नसेल तर जास्तीचा सोशिकपणा विकत घेऊन करायचं काय?

हायब्रिडच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पटीनं दाबतो तो आकडा, १३ किंवा त्याहून जास्त असतो, हे वाचून लोक घाबरतात. पण ही इंजिनं अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालतात. पिस्टन वर यायला लागला तरी हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच राहतो, आत घेतलेली काही हवा परत बाहेर जाते आणि मिश्रणावर प्रत्यक्ष दाब त्या आकड्यापेक्षा बराच कमी पडतो. प्रसरण मात्र पूर्ण होतं. ठिणगीनंतरची जास्तीत जास्त शक्ती चाकांपर्यंत जाते, एव्हरेज वाढतं ते असं. माझ्या हायरायडरच्या पुस्तिकेत पेट्रोल ९१ ऑक्टेन किंवा त्याहून जास्त हवं, एवढंच आहे.

आणि आता साधं पेट्रोल ९१चं राहिलेलंच नाही. पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५मध्ये स्पष्ट केलंय की बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोलचं ऑक्टेन ९१ होतं, ते २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ९५ झालं. म्हणजे पंपावरचा पोरगा "बेन, पावर नाखुं?" विचारतो तेव्हा ज्या ९५साठी तो सात-आठ रुपये जास्त घेणार, ते ९५ शेजारच्या साध्या नोझलमधूनही येतंय.

हिशोबही बघा. बडोद्यात साधं ९५ रुपयांच्या आसपास धरलं तर आठ रुपये वसूल व्हायला एव्हरेज आठ टक्क्यांहून जास्त वाढायला हवं. २२ देणारी गाडी २४च्या घरात जायला हवी. असं कुणाच्या गाडीत झालं असेल तर सांगा.

मांजलपूर_ते_मुंबई

ताई, थिअरी मान्य. पण मी दर महिन्याला मुंबईला जातो. मे महिन्यात दुपारी करजण सोडलं की बाहेर ४२ डिग्री, गाडीत पाच माणसं, एसी फुल. अशा वेळी हवा आधीच तापलेली असते, मग नॉक सेन्सर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेतो आणि गाडी मरगळते. जास्त ऑक्टेन असेल तर टायमिंग मागे घ्यावं लागत नाही. हेही विज्ञानच आहे ना? मला ओव्हरटेक करताना फरक स्पष्ट कळतो.

आणि हा माझा भास नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१७ साली चाचण्या केल्या, त्यात प्रीमियमनं एव्हरेज सरासरी २.७ टक्के वाढलं होतं.

अकोटेकर

दादा, त्या चाचण्या कंपनीनेच प्रीमियम वापरा म्हणून सुचवलेल्या गाड्यांवर होत्या. त्याच संघटनेनं आदल्या वर्षी, २०१६मध्ये, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून पाहिलं. फायदा काही दिसला नाही, उलट अमेरिकन लोक वर्षाला २१० कोटी डॉलर यात वाया घालवतात असा त्यांनी हिशोब काढला. आणि २.७ टक्के जरी धरले तरी आपल्याला आठ हवेत.

उन्हाचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. पण नॉकिंग कधी होतं? आरपीएम कमी आणि लोड जास्त असतो तेव्हा. साध्या गिअरच्या गाडीत आपण चढावर तिसऱ्यातच रेटत राहतो आणि टकटक सुरू होते. हायब्रिडच्या ई-सीव्हीटी या ऑटोमॅटिक यंत्रणेत आपल्या हातात गिअरच नाहीत. पावागडला माचीपर्यंतचा घाट चढताना मुद्दाम लक्ष दिलं. पाय थोडा दाबला की इंजिनाचा आवाज एकदम वर जातो, पडद्यावर बॅटरीचा बाणही चाकांकडे वळतो, म्हणजे ओझं दोघं वाटून घेतात. तो चढलेला आवाज ऐकून मागे बसलेली मंडळी म्हणतात, "गाडीला त्रास होतोय." तसं नाही. कमी आरपीएमला रेटण्यापासून गाडी स्वतःला वाचवत असते.

दांडियाबाजार_गॅरेज

ऑक्टेनवर ताई बरोबर आहेत. पण एका गोष्टीकडे इथे कुणी बघत नाहीये, ती म्हणजे कार्बन.

हायब्रिडचं इंजिन सारखं बंद-चालू होतं. अलकापुरीतून निघून रेसकोर्सपर्यंत जायचं, त्यात दोन मिनिटं चालतं, पुन्हा झोपतं. ज्यांचं रोजचं जाणंयेणं असं छोटं, त्यांचं इंजिन नीट तापतच नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि काजळी धरतं. प्रीमियममध्ये साफसफाईची अ‍ॅडिटिव्हं असतात. हायरायडरमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे पोर्टमध्ये फवारलं जातं, म्हणजे ते अ‍ॅडिटिव्ह थेट व्हॉल्व्हवर पडतं. ट्रिपल एचंच बोलायचं तर २०१६मध्ये त्यांनी डिटर्जंटचीही तुलना केली होती. चांगलं डिटर्जंट नसलेल्या पेट्रोलनं ४,००० मैलांच्या चाचणीत सरासरी १९ पट जास्त गाळ धरला. मी रोज थ्रॉटल बॉडी उघडतो, काळे व्हॉल्व्ह बघतो. आठ रुपये मला महाग वाटत नाहीत.

कोयली_निवृत्त

आयुष्य गुजरात रिफायनरीत गेलं, म्हणून दोन शब्द.

ऑक्टेन कुठे लागतं ते सांगतो. आपल्या कोयलीत एव्हगॅस १०० एलएल बनतं, २०२२मध्ये ते बाजारात आलं. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना ते लागतं, त्याआधी ते बाहेरून आणावं लागायचं. आकाशात नॉकिंग झालं तर गाडी बाजूला घ्यायची सोय नसते. तिथे १०० हा आकडा अनिवार्य आहे. तुमच्या हायब्रिडच्या संगणकाला मात्र ठिणगी कधी पाडायची याचा ९१साठीचा नकाशा दिलाय. शंभरचं टाकलं तरी त्या नकाशाच्या पलीकडे टायमिंग पुढे न्यायचं त्याला शिकवलेलंच नाही.

गॅरेजवाल्या भाईंचा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटतो. पण नीट बघा, ती चाचणी डिटर्जंटची होती, ऑक्टेनची नाही. बोर्डावर ९५ लिहिलंय म्हणून साफसफाई होईल असं समजू नये. अ‍ॅडिटिव्ह आहे का, एवढंच पंपावर विचारा.

२०२२ची_सिटी

मला ऑक्टेनशी देणंघेणं नाही, इथेनॉलशी आहे. माझी गाडी ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, सगळीकडे यायच्या आधीची. हायब्रिडला पेट्रोल कमी लागतं, एक टाकी महिनाभर पुरते, आणि इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात तेच पेट्रोल आत पडून राहतं. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नसतं, म्हणून मी अधूनमधून ते टाकतो. महाग आहे, पण रबराचे पाइप आणि सील बदलण्यापेक्षा परवडलं. यात चूक काय?

अकोटेकर

तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीति आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच मान्य केलंय की मुळात इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचं एव्हरेज ई२०वर ६-७ टक्के कमी होऊ शकतं. हे लोकांना आधी नीट सांगायला हवं होतं आणि पंपावर ई१०चा पर्यायही ठेवायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

पण सील आणि पाइपांचं म्हणाल, तर होंडानं स्वतः जाहीर केलंय की २००९पासूनच्या त्यांच्या गाड्यांमधले भाग ई२०ला चालतात. तुमची २०२२ची आहे. आणि १०० ऑक्टेनचा भाव १६०च्या आसपास. सात टक्के एव्हरेज वाचवायला साठ टक्क्यांहून जास्त पैसे जातात. महिनाभराच्या टाकीची काळजी वाटत असेल तर पावसाळ्यात टाकी फुल करू नका, निम्मी भरा, ताजं पेट्रोल येत राहील.

२०२२ची_सिटी

होंडाचं २००९चं माहीत नव्हतं. पाहतो. तरी एव्हरेज घसरलंय ते घसरलंयच, त्याची भरपाई कुणी देत नाही.

मांजलपूर_ते_मुंबई

मी तरी उन्हाळ्यात ९५च टाकणार. मला हायवेला इंजिन मोकळं वाटतं आणि चारशे किलोमीटर चालवताना ते "वाटणं"ही माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. ताई, रागावू नका.

अकोटेकर

राग कसला? तुमचे पैसे, तुमची गाडी. फक्त सोसायटीत नवीन गाडी घेणाऱ्याला "साधं टाकलंस तर इंजिन जाईल" असं कुणी सांगू नये, माझा सगळा अट्टहास त्यासाठी आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पेन्शनच्या पैशातून गाडी घेतली आणि घाबरून प्रत्येक वेळी महागडं भरतात. गॅरेजवाल्या भाईंचा कार्बनचा मुद्दा मी आजोबांना सांगेन, पण तेवढाच. सर्व्हिसच्या आधी एखादी टाकी अ‍ॅडिटिव्हवालं भरा, बाकी साधं.

दांडियाबाजार_गॅरेज

एखाद्या टाकीनं व्हॉल्व्ह साफ होत नाहीत ताई, नियमित लागतं. असं करा. तुमची साध्यावर चाललेली, मांजलपूरच्या भाईंची ९५वर चाललेली, दोन्ही हायरायडर असतील तर रविवारी घेऊन या. माझ्याकडे बोरोस्कोप आहे. थ्रॉटलच्या बाजूनं कॅमेरा आत घालतो, दोघांचे व्हॉल्व्ह एकाच पडद्यावर दाखवतो. पैसे नकोत.

मांजलपूर_ते_मुंबई

माझी ग्रँड विटारा आहे, स्ट्राँग हायब्रिडच. इंजिन तेच ना? सकाळी दहाला येतो.

अकोटेकर

इंजिन तेच. पण तुमची हायवेची आणि माझी गावातली, त्यामुळे काजळीचा फरक पेट्रोलमुळे की रस्त्यामुळे, हे त्यातून ठरणार नाही. गावातच चालणारी आणि ९५ पिणारी तिसरी गाडी हवी. खालच्या आजोबांना विचारते, त्यांची तशीच आहे.