मदत हवी आहे: बाबांसाठी ६.१ इंची फोन घ्यावा की ६.७ इंची?

घाईत_आहे
बाबांसाठी फोन घ्यायचाय. सध्याच्या फोनवर त्यांना नीट दिसत नाही. दोन मॉडेलं बाजूला काढलीत, एक ६.१ इंची, एक ६.७. मोठाच घ्यावा ना? ऑफर रविवारी संपतेय, लवकर सांगा. ब्रँडवरून भांडणं नकोत.

खटपट्या
काय दिसत नाही? व्हॉट्सअ‍ॅप, डायल करायचे आकडे, की काही वाचताना? सध्याचा फोन किती इंची? चष्मा कोणता? बजेट? हे कळल्याशिवाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

वडाची_पारंबी
६००० एमएएचपेक्षा कमी बॅटरीचा घेऊ नका. ज्येष्ठ मंडळी चार्जिंगला लावायला विसरतात.

घाईत_आहे
बॅटरीबद्दल विचारलं नाहीये. सध्याचा ५.५ इंची आहे, जुना. बजेट २०,०००. वाचताना दिसत नाही.

तिरपी_रेघ
२०,००० मध्ये ६.१? म्हणजे तो रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) असणार.

घाईत_आहे
हो. पण प्रश्न स्क्रीनचा आहे.

खटपट्या
मग स्क्रीनचंच बोलू. खोक्यावरचे इंच हा कर्ण असतो, आणि वाचताना कामाला येते ती रुंदी. जुना ५.५ म्हणजे बहुधा १६:९ (उंची:रुंदी). त्याची रुंदी येते ६८.५ मिमी. ६.७ इंची फोन २०:९ असेल तर रुंदी साधारण ७० मिमी. सव्वा इंच वाढले म्हणून पैसे मोजायचे आणि रुंदीत मिळणार जेमतेम दीड मिमी! बाकी सगळी वाढ उंचीत. ६.१ इंची १९.५:९ तर ६५ मिमीवर येतो, म्हणजे आत्ताच्यापेक्षाही अरुंद.

व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेज वाचायचे असतील तर आधी सध्याच्याच फोनवर सेटिंग्ज > डिस्प्लेमध्ये 'फॉन्ट साइज' आणि 'डिस्प्ले साइज' दोन्ही एकेक घर वाढवून बघा. पहिल्याने फक्त अक्षर वाढतं, दुसऱ्याने बटणं आणि चिन्हंसुद्धा. एकदम शेवटच्या घरावर नेऊ नका. काही अ‍ॅपांत वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, आणि बँकेच्या अ‍ॅपात 'पुढे' हे बटण कीबोर्डखाली जाऊन बसतं. मग ओटीपी येऊनही माणूस अडकतो.

तिरपी_रेघ
त्यापेक्षा डेव्हलपर ऑप्शन्स (फोनमधल्या लपवलेल्या सेटिंग्ज) उघडा. बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारा, मग 'स्मॉलेस्ट विड्थ' ४११ असेल तर ३६० करा. सगळं एकदम मोठं होतं.

खटपट्या
आणि डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की काही बँकांची अ‍ॅप्स उघडतच नाहीत. डिस्प्ले साइजची पट्टी तेच काम करते. ज्येष्ठांच्या फोनमध्ये हा उद्योग कशाला?

कोकम_सरबत
आकारापेक्षा रिझोल्यूशन बघा. ६.७ इंचावर ७२०×१६०० म्हणजे जेमतेम २६२ पीपीआय (एका इंचात तेवढे पिक्सेल). जोडाक्षरं गिचमिड दिसतात. १०८०×२४०० च घ्या, ३९३ मिळतात.

तिरपी_रेघ
४० सेंमीवरून २६२ पीपीआय म्हणजे नजरेच्या एका अंशात सुमारे ७२ पिक्सेल. निकोप डोळ्याला ६० पुरतात. बाबांचा फोन नाकाला लावून वाचायचा नसेल तर इथे पैसे घालवू नका.

कोकम_सरबत
गणित कागदावर ठीक आहे. दोन फोन शेजारी ठेवून 'द्ध' आणि 'ध्द' वाचून बघा.

खटपट्या
धागाकर्ते, वाचतात म्हणजे नक्की काय वाचतात?

घाईत_आहे
ई-पेपर. पीडीएफ येते रोज. बोटांनी मोठं करतात, मग ओळ हरवते म्हणून चिडतात.

खटपट्या
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, सगळं चित्रच बदललं. पीडीएफवर फॉन्ट सेटिंगचा काडीइतकाही परिणाम होत नाही, पान जसंच्या तसं येतं. छापील पान सुमारे ३३ सेंमी रुंद. ते ७ सेंमीत बसवलं की ९ पॉइंटचा मजकूर २ पॉइंटच्याही खाली जातो. एक कॉलम, साधारण ४ सेंमीचा, पडदाभर केला तर छापील पानापेक्षा दीडपट-पावणेदोनपट मोठा दिसतो. म्हणजे अक्षर लहान ही अडचणच नाही. कॉलम संपला की पान वर ढकलून पुढच्या कॉलमचं डोकं शोधावं लागतं, ओळ हरवते ती तिथे. ६.१ असो वा ६.७, ते तसंच राहणार.

११ इंची टॅब १६:१० असेल तर उभा धरल्यावर १४८ मिमी रुंद. छापील आकारातच साडेतीन कॉलम एका वेळी दिसतात. बजेटातही बसतो. दोन्ही फोन सोडा.

हिरवा_चाफा
फोल्ड होणारा का नाही? उघडला की ७.६ इंच.

तिरपी_रेघ
बजेट वाचलंत का? शिवाय आतला पडदा मऊ, नखानेही ओरखडा उठतो.

सुलभा_अभ्यंकर_नव्हे
टॅबवाल्यांनी वजन सांगितलं नाही. ११ इंची म्हणजे अर्धा किलो. आडवं होऊन वाचायची सवय असेल तर मनगट भरून येतं, स्टँड लागणारच. आणि स्टँड टेबलावर ठेवला की अंतर ५०-६० सेंमी होतं. वाचनाच्या चष्म्याची भर (जवळचं वाचायला दिलेला जादा नंबर) +२.५० असेल तर तो ४० सेंमीला नेमका बसतो, त्यापलीकडे धूसर. प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) असेल तर वाचायचा भाग काचेच्या खालच्या अंगाला असतो, म्हणून स्टँड बुटका हवा. डोळ्यांसमोर उंच ठेवला की माणूस हनुवटी वर करून वाचतो आणि मान धरते. चष्म्याचा नंबर किती जुना आहे?

घाईत_आहे
बघते. टॅबवर यूपीआय चालेल का?

खटपट्या
वायफायवाल्या टॅबवर नाही. नोंदणीच्या वेळी त्याच यंत्रातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. यूपीआय आणि कॉल जुन्या फोनवर राहू देत. व्हॉट्सअ‍ॅप मात्र 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून क्यूआर स्कॅन करून टॅबवर जोडता येतं, म्हणजे पीडीएफ थेट तिथेच उघडेल. घरी वायफाय आहे ना?

वडाची_पारंबी
टॅबला ८००० एमएएच तरी घ्या.

घाईत_आहे
वायफाय नाही. फोनचा हॉटस्पॉट चालेल?

खटपट्या
चालेल. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'आपोआप बंद' काढून टाका, नाहीतर टॅब झोपला की काही मिनिटांत हॉटस्पॉट बंद होतो आणि सकाळी "पेपर येत नाही" म्हणून तुम्हालाच फोन येईल. तो सतत चालू ठेवला की फोनची बॅटरी भराभर उतरते, तेव्हा पेपर उतरवून घेईपर्यंत फोन चार्जरला असू द्या.

वडाची_पारंबी
मी पहिल्यापासून बॅटरीच म्हणतोय.