अमेरिकेचं यादवी युद्ध: गुलामगिरी खरं कारण की नुसतं निमित्त?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेसाठी जगाचा इतिहास वाचतोय आणि अमेरिकेच्या यादवी युद्धापाशी गाडी अडली आहे. क्लासच्या नोट्समध्ये चार कारणं दिलीत: गुलामगिरी, आयात जकात, राज्यांचे हक्क, उत्तर-दक्षिणेतला आर्थिक फरक. चारही सारख्याच वजनाची. यूट्यूबवर एक जण ठासून सांगतो की गुलामगिरी हे फक्त निमित्त होतं, कारण लिंकननेच लिहून ठेवलंय की एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन.

आता माझी अडचण अशी. लिंकन गुलामगिरीला हात लावणार नव्हता, तर दक्षिणेची राज्यं फुटली कशाला? आणि फुटली तर फुटली, लगेच युद्ध का? काल रूमवर यावरून रात्री दोनपर्यंत वाद झाला आणि कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी मदत करा.

शुभदा_चार्ल्सटन

वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. तू दोन प्रश्न विचारलेस आणि ते दोन वेगळेच ठेव. राज्यं का फुटली, हा पहिला. फुटल्यावर युद्ध का पेटलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गुलामगिरी. दुसऱ्याचं उत्तर, संघराज्य मोडू द्यायचं नाही हा उत्तरेचा निर्धार. लिंकनचं ते पत्र ऑगस्ट १८६२ चं आहे. तोवर लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं आणि आपण कशासाठी लढतोय हे तो सांगत होता. राज्यं का फुटली याच्याशी त्या वाक्याचा संबंध नाही.

मी साउथ कॅरोलायनात, चार्ल्सटनला राहते. फुटीची सुरुवात याच गावातून झाली. इथली कितीतरी भली माणसं मला राज्यांच्या हक्कांची गोष्ट सांगतात. मी त्यांना एवढंच म्हणते की तुमच्या राज्याने तेव्हा काय लिहून दिलं ते एकदा वाचा.

२० डिसेंबर १८६० ला इथे भरलेल्या अधिवेशनात १६९ विरुद्ध शून्य मतांनी संघराज्यातून बाहेर पडायचा ठराव झाला. चार दिवसांनी त्यांनी कारणं सांगणारं जाहीरनामावजा निवेदन काढलं. त्यात जकातीचं नावही नाही. तक्रार काय आहे? पळून गेलेले गुलाम परत द्यायचे असं राज्यघटनेत कबूल केलेलं असताना उत्तरेची राज्यं स्वतःचे कायदे करून ते टाळतात. मग त्या राज्यांची नावं एकेक करून घेतली आहेत. न्यूयॉर्क तर गुलाम बरोबर घेऊन नुसतं त्या राज्यातून जाऊही देत नाही, ही आणखी एक तक्रार. काही राज्यांनी काळ्या लोकांना नागरिक केलं, हीसुद्धा. आणि शेवटी, गुलामगिरीच्या विरोधातला माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिला.

राज्यांचे हक्क इथे वापरत कोण होतं बघ. उत्तरेची राज्यं! आणि दक्षिणेचं म्हणणं असं की केंद्र सरकारने त्यांना वेसण घालावी. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा याच मागणीतून आला होता. पकडून आणलेल्या माणसाला त्यात स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे, ज्युरी नसे. निकाल देणाऱ्या कमिशनरला फी मिळे: माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. सरकारचं म्हणणं, पहिल्यात कागदपत्रं जास्त करावी लागतात. १८५४ मध्ये बॉस्टनला अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला या कायद्याखाली परत पाठवलं तेव्हा त्याला बंदरापर्यंत न्यायला सैन्य लावावं लागलं आणि रस्त्यावरच्या लोकांनी इमारतींना काळी कापडं टांगली. गुलामगिरीशी आपलं काही देणंघेणं नाही असं समजणाऱ्या उत्तरेतल्या साध्या माणसाच्या दारात तो प्रश्न त्या कायद्याने आणून उभा केला.

अनिकेत_डोंबिवली

ताई, मुद्दा पटतोय, पण जकातीला इतकं सहज बाजूला सारू नये. १८३२ मध्ये याच साउथ कॅरोलायनाने जकातीवरून केंद्राचा कायदा धुडकावला होता, राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने सैन्याची धमकी दिली होती. शिवाय दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. ते कशाला मरायला गेले असतील?

शुभदा_चार्ल्सटन

अनिकेत, १८३२ चं अगदी बरोबर. पण तेव्हा साउथ कॅरोलायना एकटं पडलं, बरोबर एकही राज्य आलं नाही, आणि जकात टप्प्याटप्प्याने उतरवून तडजोड झाली. १८५७ चे दर तर दक्षिणेच्या खासदारांच्या पाठिंब्याने खाली आणले होते. जास्त दराचा कायदा मार्च १८६१ मध्ये पास झाला, सात राज्यं बाहेर पडल्यानंतर. त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणूनच तो पास होऊ शकला.

खरी भीती नव्या प्रदेशांची होती. आपल्या नोट्समध्ये हा भाग दोन ओळींत उरकतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं आणि कापूस हे सोन्याचं पीक झालं. १८६० पर्यंत अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त किंमत एकट्या कापसाची होती आणि गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात गेली होती. साउथ कॅरोलायनात सुमारे ७ लाख लोकांपैकी ४ लाख गुलाम. माणूस हीच इथली सगळ्यांत मोठी मालमत्ता, तिच्यावर कर्ज निघे, ती मुलींच्या लग्नात दिली जाई. इथल्या चामर्स स्ट्रीटवर गुलामांच्या लिलावाची जागा अजून उभी आहे, आता तिथे संग्रहालय आहे. गावातल्या जुन्या भिंतींच्या विटा जवळून पाहिल्या तर काही विटांवर बोटांचे ठसे दिसतात, ओल्या मातीत उमटलेले. काही इतके लहान आहेत की मुलांचेच असणार.

देश पश्चिमेकडे वाढत होता आणि प्रत्येक नव्या राज्यावर तोच वाद. १८२० मध्ये मिसूरीला गुलामगिरीसकट घ्यायचं ठरलं, बरोबर मेनला गुलामगिरीशिवाय, म्हणजे सिनेटमध्ये तराजू समान. उरलेल्या प्रदेशात नकाशावर रेघ ओढली, रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. मेक्सिकोशी लढून १८४८ मध्ये प्रचंड मुलूख हाती आला, पुन्हा भांडण. १८५४ मध्ये सिनेटर स्टीफन डग्लसने ती रेघच पुसली आणि कॅन्सासच्या लोकांनीच मतदानाने ठरवावं असं केलं. दोन्हीकडून माणसं तिथे घुसली आणि रक्तपात सुरू झाला. १८५६ मध्ये कॅन्सासमधल्या गुलामगिरीविरुद्ध भाषण केलं म्हणून सिनेटर समनरला भर सभागृहात काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारलं. मारणारा प्रेस्टन ब्रूक्स आमच्याच राज्याचा खासदार, आणि लोकांनी त्याला कौतुकाने नव्या काठ्या पाठवल्या. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, लढाईपेक्षाही. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या प्रदेशात गुलामगिरी रोखायचा संसदेला अधिकार नाही. १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीचं सरकारी शस्त्रागार ताब्यात घेतलं, त्याला फाशी झाली, आणि गुलाम उठाव करतील या धास्तीने दक्षिणेची झोप उडाली.

आणि मग १८६० ची निवडणूक. दक्षिणेच्या दहा राज्यांत लिंकनच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. तरी ३०३ पैकी १८० मतदारमंडळ मतं घेऊन तो निवडून आला. आहे तिथली गुलामगिरी मी मोडणार नाही, पण ती पसरू देणार नाही, हे त्याचं म्हणणं होतं. दक्षिणेने त्याचा अर्थ अचूक ओळखला: नवी राज्यं सगळी गुलामगिरीशिवाय येणार, सिनेट हातातून जाणार, आणि आपलं एक मतही न घेता राष्ट्राध्यक्ष होता येतं हे सिद्ध झालंच आहे.

गरीब गोऱ्यांचं म्हणशील तर, कुणी गावासाठी लढला, कुणी भावाबरोबर गेला, आणि एप्रिल १८६२ पासून सक्तीची भरतीच होती. पुढे वीस गुलामांमागे एका गोऱ्या माणसाला त्या भरतीतून सूट मिळाली, यावरून तेव्हाच त्यांच्यात नाराजी उसळली होती. पण शिपाई का लढला आणि राज्य का फुटलं ही एकच गोष्ट नाही. फुटलेल्या राज्यांनी मिळून केलेल्या नव्या महासंघाच्या घटनेतच लिहिलं होतं की गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करता येणार नाही. त्यांचा उपराष्ट्राध्यक्ष स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सॅव्हानाला उघड म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला आहे.

खानदेशी_कपाशी

उत्तम चर्चा. आपल्याकडचा धागा जोडतो. युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा, बॅकबे भरावाची कंपनी, प्रेमचंद रायचंद, हे सगळं त्याच वर्षांतलं. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे बाजार कोसळला. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. युद्ध कशावरून झालं याबद्दल जोतीरावांच्या मनात गोंधळ नव्हता.

मांजराकाठ

ताई, काका, खूप आभार. पहिला प्रश्न सुटला. आता दुसरा: सात राज्यं गेली, मग पहिली गोळी कशावरून?

शुभदा_चार्ल्सटन

एका किल्ल्यावरून. फोर्ट समटर, आमच्या बंदराच्या तोंडावर. बोटीने जाता येतं. एवढासा विटांचा किल्ला आहे, तटावर उभं राहिलं की चहूबाजूंचा किनारा दिसतो आणि आतल्या माणसांची कोंडी कशी झाली असेल ते सांगावं लागत नाही.

मेजर अँडरसन नावाचा केंद्राचा अधिकारी थोड्या शिपायांसह आत होता. राज्य म्हणे किल्ला आमचा, लिंकन म्हणे केंद्राचा. अन्न संपत आलं. लिंकनने आधी कळवलं की फक्त रसद पाठवतोय. ती पोचायच्या आत, १२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचारला किनाऱ्यावरून तोफा सुरू झाल्या. तोफा डागायला लावणारा बोरगार्ड हा अँडरसनचाच वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतला विद्यार्थी. सुमारे ३४ तासांनी किल्ला पडला. लिंकनने ७५ हजार स्वयंसैनिक मागवले, त्यावर व्हर्जिनिया, आर्कन्सा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना ही चार राज्यंही फुटली. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसूरी यांच्यात गुलामगिरी होती तरी ती संघातच राहिली. म्हणून लिंकन सुरुवातीला एवढा जपून बोलत होता. केंटकी गेलं असतं तर अनर्थ होता.

आणि हेही लिही, कारण हे कुणी लिहीत नाही. युद्ध गुलाममुक्तीचं व्हायला गुलामांनीच भाग पाडलं. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियात तीन गुलाम पळून केंद्राच्या फोर्ट मन्रो किल्ल्यात आले. मालकाचा माणूस १८५० च्या कायद्यानुसार ते परत मागायला आला. जनरल बटलरने सांगितलं, तुमचं राज्य स्वतःला परका देश म्हणवतं, मग आमचा कायदा तुम्हाला लागू नाही. मग शेकडो आले, पुढे हजारो. वर्षभराने इथे चार्ल्सटनमध्ये रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम नावाड्याने महासंघाचं जहाजच पळवलं. बायका-मुलांना घेऊन, कप्तानाची टोपी घालून, ठरलेल्या शिट्ट्या देत तो याच समटरच्या तोफांसमोरून पहाटे निघून गेला. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून आला. १ जानेवारी १८६३ ला मुक्तीची घोषणा झाली, आणि सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक संघाच्या बाजूने लढले.

उत्तर लिहायच्या आधी मिसिसिपी राज्याचं फुटीचं निवेदन इंटरनेटवर काढून वाच, छोटं आहे. दुसऱ्याच वाक्यात ते म्हणतात की आमचं स्थान गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेलं आहे. ते वाक्य तुझ्या उत्तरात घाल, म्हणजे चार कारणं सारख्या वजनाने मांडायची वेळ येणार नाही.