काम वेळेत, खर्च बजेटमध्ये, तरी शिक्षक नाराज. फॉर्ममध्ये काय लिहू?

खडूफळा: शाळेच्या नव्या इमारतीसाठी संस्थेने प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट (संस्थेच्या वतीने बांधकामावर लक्ष ठेवणारा) नेमला होता. काम मुदतीत झालं, खर्चही मंजूर रकमेच्या आत. आता त्यांचा 'क्लायंट समाधान' फॉर्म आलाय. कार्यकारिणी म्हणते, 'उत्तम' लिहून टाका. इकडे स्टाफरूममध्ये धुसफूस: वर्गात आवाज घुमतो, मागच्या बाकांना शब्द कळत नाहीत, प्रयोगशाळेतलं सिंक भलत्याच भिंतीला. मुख्याध्यापिका म्हणून सही माझी.

साइटवाला: मॅडम, मी तुमच्या समोरच्या बाजूचा, असे फॉर्म पाठवणाऱ्यांपैकी. आम्ही विचारतो बिलं पास करणाऱ्याला. वर्गात दिवस काढणारे त्यात नसतातच.

घुमण्याचं बघा. एएनएसआय एस१२.६० हे अमेरिकन मानक सांगतं, की नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात आवाज विरायला ०.६ सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू नये आणि पार्श्वभूमीचा गोंगाट ३५ डेसिबलच्या आत असावा. टाइल्स, काच, उघडा स्लॅब असला की हे जमत नाही, आवाज शोषणारं सीलिंग लागतं. आणि खर्च बसेना झाला की पहिली कात्री त्यालाच! मूळ आणि शेवटचा बीओक्यू, म्हणजे कामं, परिमाणं आणि दरांची यादी, शेजारी ठेवून बघा. कार्यकारिणी ज्या बचतीवर खूश आहे, तीच कदाचित वर्गात घुमत असेल.

हिशेबनीस: सिंकचं खापर मॅनेजरवर कशाला? नकाशावर सही संस्थेचीच ना?

साइटवाला: सही संस्थेची, मान्य. पण विज्ञान शिकवणाऱ्याला तो नकाशा दाखवला होता का? नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही. मी तर जमिनीवर फक्कीने खोल्या आखून शिक्षकांना आत उभं करतो. चांगला मॅनेजर हे काम सुरू व्हायच्या आधी करतो, आणि त्याचेच त्याला पैसे मिळतात.

खडूफळा: मग आता दुरुस्ती मागता येईल?

साइटवाला: गळती, भेगा, न लागणारी दारं मागता येतील. डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत करारात बघा आणि रिटेन्शनची, म्हणजे त्याच्या बिलातून राखून ठेवलेली रक्कम सुटायच्या आत लेखी यादी द्या. सीलिंग तुमच्या संमतीने वगळलं असेल तर तो दोष धरत नाहीत, नवीन काम होतं. फॉर्ममध्ये वेळ आणि खर्चाला चांगले गुण द्या, ते त्यांनी कमावलेत. वापराबद्दल मात्र शिक्षकांकडून वर्गवार लिहून घेऊन जोडा.

खडूफळा: विज्ञानाच्या बाईंना विचारलं. नकाशा त्यांनी पाहिलाच नव्हता. बीओक्यू सचिवांकडे मागितलाय.