खाऱ्या पाण्यात पडलेली मासेमारीची रील घरी उघडू का? आणि ब्रेडेड लाईन नीट कशी भरायची?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे ४००० साईझची स्पिनिंग रील आहे, दोन सीझन झाले, जिताडा आणि तांबोशीसाठी खाडीत वापरतो. पंधरा दिवसांपूर्वी खडपावर पाय घसरला आणि रॉडसकट रील पाण्यात गेली, वर काढली तेव्हा वाळूपण लागलेली. घरी येऊन नळाखाली धुतली, पुसली, ठेवून दिली. परवा काढली तर हँडल फिरवताना खरखर लागते, बेलच्या (लाईन धरून स्पूलवर गुंडाळणाऱ्या तारेच्या कडीच्या) बाजूने कुईकुई आवाज येतो आणि मधूनच हँडल उलटं फिरतं. एका दुकानात विचारलं तर ठेवून जा, महिन्याने बघू म्हणाले. आता पाऊस लागेल, जून-जुलैत तसंही गरवणं कमीच, तेवढ्यात स्वतःच करावं असं मनात आहे, पण आजपर्यंत स्पूल (लाईन गुंडाळायची चकरी) काढण्यापलीकडे काही उघडलेलं नाही.
दुसरं म्हणजे नवीन ब्रेडेड लाईन (बारीक धागे विणून केलेली) घेतलीय, जाडी पीई २, १५० मीटर. आधीची मी थेट रिकाम्या स्पूलवर भरली होती, ती कास्ट करताना (गळ लांब फेकताना) गुंतायची आणि एकदा मोठा मासा लागला तेव्हा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन किती ताणाला सुटेल ते ठरवणारा ब्रेक) घट्ट असूनही सगळी लाईन स्पूलवर गोल फिरली. काय चुकलं?

जिताडाप्रेमी
भाऊ पंधरा दिवस ठेवली हेच चुकलं. वरून धुतलं तरी आत गेलेलं खारं पाणी आतच राहतं, पाणी सुकतं पण मीठ कुठे जातं, ते गिअरवर आणि बेअरिंगमध्ये बसून खात राहतं. बुडालेली रील त्याच आठवड्यात उघडायला हवी. तरी अजून वेळ गेलेली नाही, पण आज-उद्याच करा.
आणि सगळी उघडायच्या आधी दुखणं कुठेय ते शोधा. स्पूल काढा आणि हँडल फिरवा. मग बेलवरचा लाईन रोलर, म्हणजे ज्याच्यावरून लाईन वळते ती छोटी चकती, ती बोटाने फिरवून बघा. कुईकुई बहुतेक तिथूनच येतेय. प्रत्येक कास्टला ओली लाईन त्याच्यावरून जाते म्हणून सगळ्यात आधी तेच बेअरिंग मरतं. तो जाम झाला की लाईनला पीळ पडतो आणि ब्रेड एकाच जागी घासून फाटते. लाईन खराब निघाली असं वाटत राहतं आणि दोष रोलरचा असतो. एका स्क्रूचं काम आहे, सुरुवात तिथूनच करा.

वेसाव्याची_पोर
दादा नक्की उघडा, घाबरू नका. मी पहिली रील उघडली तेव्हा इडलीपात्र घेऊन बसले होते, काढलेला एकेक भाग क्रमाने एकेका वाटीत ठेवायचा आणि प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो. गिअरच्या खाली कागदासारखे पातळ वॉशर असतात, कधी एक कधी दोन, ते कुठल्या बाजूला होते ते फोटोत दिसलं पाहिजे, एक जरी इकडचा तिकडे झाला तर रील एकतर जड फिरते नाहीतर डुगडुगते. स्प्रिंग असलेला भाग मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून काढा. माझी बेलची स्प्रिंग उडाली ती अडीच तासांनी कपाटाखाली सापडली.
जुनं ग्रीस टूथब्रश आणि थोड्या रॉकेलने निघतं, पण प्लास्टिकच्या भागांना रॉकेल लावू नका, त्यांना साबणाचं कोमट पाणी. पूर्ण सुकल्याशिवाय नवीन ग्रीस नाही.

मालवणी_गरीवालो
हँडल उलटं फिरतं त्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रोटरच्या (स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाच्या) खाली वन-वे क्लच असतो, त्यात बारीक रोलर असतात, तेच हँडल मागे जाऊ देत नाहीत. त्यात पाणी किंवा जाड ग्रीस गेलं की रोलर पकडत नाहीत, सटकतात. माझी रील एका ठिकाणी सर्व्हिसला दिली होती, त्यांनी प्रेमाने सगळीकडे ग्रीस भरून दिलं आणि पहिल्याच माशाला हँडल बोटांवर आपटलं. घरी आणून क्लच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतला, वाळवला, पातळ तेलाचा एकच थेंब टाकला आणि जुनी पकड परत आली. क्लचचे रोलर सुटे करू नका, आख्खा क्लच तसाच बुडवून हलवा. ग्रीस गिअरला, तेल बेअरिंगला, आणि क्लचला जवळजवळ काहीच नाही, एवढं धरून चला.

मरळवाला_पुणे
मी धरणावरचा माणूस, गोड्या पाण्यात एवढा त्रास नाही, वर्षातून एकदा उघडतो. विचारायचं होतं की शिलाई मशीनचं तेल चालतं का? आमच्याकडे काहीजण खोबरेल टाकतात, आणि एकजण सगळ्याला डब्ल्यूडी-४० मारतो.

मालवणी_गरीवालो
शिलाई मशीनचं तेल बेअरिंगला चालतं, फक्त लवकर उतरतं, त्यामुळे दोन-तीन ट्रिपनंतर परत टाकायचं. खोबरेल अजिबात नको, ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि जुनं झालं की चिकट होऊन वाळू धरून ठेवतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला, अडकलेला स्क्रू सोडवायला चांगलं, पण त्याने आहे ते ग्रीस धुऊन जातं आणि मागे गिअरला पुरेल असं काही उरत नाही. गाडीच्या चाकाचं ग्रीसही नको, जड पडतं. रीलचं किंवा मरीन ग्रीस घ्या, छोटी ट्यूब वर्षानुवर्षं पुरते.

जिताडाप्रेमी
आता लाईनचं. ब्रेड गुळगुळीत असते, रिकाम्या स्पूलवर थेट बांधली की गाठीसकट घसरते, म्हणून तुमची सगळी लाईन फिरली, ड्रॅगचा दोष नव्हता. खाली आधी साधा तंगूस (नायलॉनची एकेरी लाईन) भरायचा आणि त्याला डबल युनी गाठीने ब्रेड जोडायची. तंगूस किती भरायचा त्याची खात्रीची युक्ती अशी की आधी नवीन ब्रेड रिकाम्या स्पूलवर गुंडाळा, तिच्यावर तंगूस भरत जा, काठाला दीड-दोन मिलिमीटर राहिले की तोडा. मग सगळं बाहेर काढून उलटं भरा, तंगूस खाली ब्रेड वर, काठाला तेवढीच जागा राहून बरोब्बर येतं. मी हे सकाळी मैदानात करतो, एक टोक झाडाला. वेळखाऊ आहे पण एकदाच करायचंय. कमी भरली तर कास्ट तोकडा पडतो, काठोकाठ भरली तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो.
आणि ताण! ओल्या फडक्यात लाईन धरून बोटांना जाणवेल इतक्या ताणाने भरा. सैल भरलेली ब्रेड मासा ओढायला लागला की स्वतःच्याच थरात रुतते आणि पुढच्या कास्टला तिथेच अडकते. कास्टनंतर बेल हाताने बंद करायची सवय लावा, आणि दोन वळणं झाली की बोटाने लाईन खेचून बघा, निम्मे गुंते तिथेच संपतील.

वेसाव्याची_पोर
जुनी ब्रेड टाकू नका हं, उलटी करून भरा. पुढचे साठ-सत्तर मीटरच झिजलेले असतात, मागचं टोक कोरं असतं.
रोजच्या धुण्याबद्दल पण सांगते. घरी आल्यावर आधी ड्रॅग पूर्ण घट्ट करायचा म्हणजे वॉशरमध्ये पाणी जात नाही, मग नळाची बारीक धार किंवा स्प्रे बाटली. जोराची धार नको आणि बादलीत तर बुडवूच नका, त्याने मीठ आत ढकललं जातं. सावलीत सुकवायची आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल, नाहीतर वॉशर दबून चिकटतात आणि मासा लागला की ड्रॅग झटक्याने सुटतो.

खाडीकाठचा
मंडळी, रविवारी उघडली. लाईन रोलरचं बेअरिंग पूर्ण गंजलेलं, हाताने फिरेना. गिअरला पांढरी पूड होती पण दात शाबूत आहेत. पिनियनच्या (छोट्या गिअरच्या) बेअरिंगमध्ये वाळू निघाली, तीन वेळा धुतल्यावर मोकळं झालं. क्लच सांगितल्याप्रमाणे केला, आता हँडल केसभरही मागे जात नाही. जोडायला चार तास लागले आणि शेवटी एक वॉशर उरला, फोटो बघून परत उघडली तेव्हा मुख्य गिअरच्या खालचा निघाला. लाईन पण मैदानात जाऊन भरली, भाच्याने फडकं धरलं. फक्त रोलरचं बेअरिंग कुठून आणि काय सांगून मागू?

मालवणी_गरीवालो
शाब्बास! कंपनीचा पार्ट शोधत बसू नका. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा, या तीन आकड्यांवर कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं, माझ्या रीलला ५×८×२.५ लागतं. स्टेनलेसच मागा, आणि दोन घ्या. आणि ड्रॅग लावताना अंदाज नको, लटकवायचा वजनकाटा लाईनला बांधून ओढा. २० पौंडाची लाईन म्हणजे साधारण ९ किलो, ड्रॅग सव्वादोन ते तीन किलोला सुटला पाहिजे.