प्रोलॉगमध्ये ट्रकांचं वेळापत्रक फार हळू सुटतंय

गोदाकाठ: पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचे 24 ट्रक, ते लावायला 4 धक्के, प्रत्येक ट्रकला 45 मिनिटं, दिवस 12 तासांचा. प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेच्या एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमधली, पूर्णांकांवरच्या अटी सोडवणारी सीएलपी-एफडी लायब्ररी वापरतोय. वेळ मिनिटांत, प्रत्येक ट्रकला धक्का क्रमांक, दोन ट्रक एकावर एक येऊ नयेत म्हणून जोडी-जोडीने 'किंवा'च्या अटी. लवकरात लवकर संपवायचंय, पण उत्तरच येत नाही. लेबलिंगला (चलांना एकेक किंमत देऊन बघणं) 'एफएफ' (कमीत कमी पर्याय उरलेला चल आधी) लावून बघितलं.

मागेवळण: 'एफएफ' बिचारं काय करणार! 24 ट्रकांच्या 276 जोड्या, आणि 'किंवा'च्या अटींमधून डोमेन, म्हणजे चलाच्या शक्य किमती, जवळपास छाटलंच जात नाही. वर चारही धक्के सारखे, म्हणजे एकच उत्तर क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा शोधलं जातं. धक्का क्रमांक काढूनच टाका. 'क्युम्युलेटिव्ह' वापरा, म्हणजे एका वेळी किती कामं चालू शकतात याची अट, मर्यादा 4. सुरुवातीच्या वेळा ठरल्या की त्या क्रमाने जो धक्का मोकळा तो द्या. चारांत नक्की बसतं.

छाटणी: एकक 15 मिनिटांचं करा. या लायब्ररीत 'क्युम्युलेटिव्ह' प्रत्येक काळ-एककासाठी वेगळ्या अटी उभारतो, त्यामुळे 720 ऐवजी 48 एककं म्हणजे मोठा फरक. ट्रक एकसारखे असतील तर सुरुवातीच्या वेळा चढत्या क्रमाने बांधा. शेवटाची वेळ किमान 18 एककं: 24 ट्रक गुणिले 3 एककं, भागिले 4 धक्के. ही अट लिहून तोच चल आधी लेबल करा, लहानाकडून मोठ्याकडे. पहिलं सापडेल तेच सर्वोत्तम.

मागेवळण: आणि लेबलिंग सगळ्या अटींनंतरच.